शंभर पौंडाची गाडी, सहारा आणि लातूरचं पाणी

पत्र थोडक्यात असं : लातूरच्या एका ताईंनी लिहिलंय, वय ३९. नवरा-बायको मिळून मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात आणि बायकांच्या बॅचेस या ताईच घेतात. त्यांचा मावसभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, तो आणि त्याचा एक मित्र येत्या हिवाळ्यात एका चॅरिटी कार रॅलीत उतरणारेत. भंगाराच्या भावात घेतलेली जुनी गाडी इंग्लंडहून काढायची, फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, मॉरिटानिया, सेनेगल करत गांबियातल्या बांजुलपर्यंत न्यायची, तिथं तिचा लिलाव करायचा आणि आलेले पैसे तिथल्याच संस्थांना द्यायचे. गाडीत एक जागा रिकामी आहे. भाऊ म्हणतोय, "ताई तू ये, गाडीतलं आमच्यापेक्षा तुला जास्त कळतं." ताईंच्या वाट्याला विमान, व्हिसा सगळं धरून चार लाखांच्या आसपास खर्च येतोय. दोन लाख घरचे, बाकीचे दोन लाख ओळखीतल्या लोकांकडून, शिकवलेल्या बायकांकडून आणि बचत गटाकडून 'चॅरिटीसाठी' म्हणून गोळा करावेत असं मनात आहे. नवऱ्याची ना नाही. मुलगी दहावीला आहे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिकडं पाणी कोण देणार गं तुला?" आणि एका जवळच्या मैत्रिणीनं तोंडावर सुनावलं, "आपल्याकडं दर उन्हाळ्याला टँकर लागतंय आणि तू आफ्रिकेला मदत करायला निघालीस व्हय?" तेव्हापासून ताईंना झोप नाही. त्या विचारतात, हा माझा स्वार्थ आहे का सेवा? लोकांकडं पैसे मागू का नको? आणि मुळात मला हे झेपेल का?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. चार पानांपैकी तीन पानं गाडीबद्दल, वाळूबद्दल, रस्त्याबद्दल आहेत आणि चॅरिटीवर जेमतेम दोन ओळी, त्यापण भावानं पाठवलेल्या मेसेजमधल्या असाव्यात असं वाटलं. मी हे तुम्हाला पकडलं म्हणून सांगत नाही, उलट मला ती तीन पानं फार आवडली. तुम्हाला जायचंय. गाडी चालवायचीय, रोज त्याच ग्राउंडवर एच आणि आठ काढून कंटाळा आलाय, मोठ्ठा रस्ता बघायचाय. आपल्याकडं बाईनं घराबाहेर पडायचं म्हणलं की काहीतरी पुण्याचं नाहीतर कर्तव्याचं कारण लागतं, पंढरपूर, तुळजापूर, नाहीतर कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. नुसतं "मला बघायचंय" म्हणून जाणारी बाई आपल्याला अजून पचत नाही आणि खरं सांगायचं तर त्या बाईला स्वतःलासुद्धा पचत नाही. मला वाटतं तुमच्या पत्रातली चॅरिटी थोडी पंढरपूरसारखी आलीय, जायला मिळावं म्हणून. म्हणून 'स्वार्थ का सेवा' हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा, कारण त्यात कुठलंही उत्तर दिलं तरी शिक्षा तुम्हालाच होणार. प्रवास वेगळा आणि दान वेगळं, असे दोन वेगळे हिशोब मांडले की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी या रॅलीचं थोडं, कारण इतर वाचणाऱ्यांना कल्पना नसेल. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून सेनेगलमधल्या डकारला जाणारी मोठी शर्यत सुरू झाली, महागड्या गाड्या, कंपन्यांचे पैसे, मेकॅनिकच्या फौजा. त्याला उत्तर म्हणून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्युलियन नोविल नावाच्या एका इंग्रज शेअर दलालानं प्लिमथहून निघणारी गरिबांची रॅली काढली, नियम असा की गाडी शंभर पौंडाच्या आतली पाहिजे. शंभर पौंड म्हणजे आपले दहा-बारा हजार. पहिला येणारा असा कुणी नाही, गाडी शेवटपर्यंत पोचली आणि विकली गेली म्हणजे झालं. तुमच्या भावाची रॅली त्याच जातकुळीतली दिसतीय. अशा बऱ्याच निघाल्यात पुढं, बुडापेस्टहून बामाकोची, मंगोलियाची, आणि आपल्याच देशात परदेशी पोरं-पोरी ऑटोरिक्षा घेऊन हजारो किलोमीटर जातात तीपण ह्याच घरातली.

आता 'स्वस्त' हा शब्द नीट बघू. स्वस्त आहे ती फक्त गाडी. गाडी बारा हजाराची आणि तुमचा वाटा चार लाखांचा, म्हणजे पैसा कुठं जातोय हे तुम्हीच हिशोबाच्या वहीत मांडून बघा, विमान, व्हिसा, प्रवेश फी, मोरोक्कोला उतरायची बोट, विमा, राहणं, इंधन. अंतर साधारण सहा हजार किलोमीटर, जुनी गाडी लोड घेऊन तेराचं अ‍ॅव्हरेज देईल धरलं तर साडेचारशे लिटरच्या वर पेट्रोल झालं. आणि शेवटी त्या गाडीचा लिलाव होऊन जे काही येईल ते गांबियाला. म्हणजे तुमच्या चार लाखातला गांबियाला पोचणारा पैसा फार थोडा आहे, बाकी सगळा तुमच्या प्रवासाचा आहे. यात वाईट काहीच नाही हो, पण बचत गटातल्या बाईनं पदराच्या गाठीचे पाचशे रुपये 'चॅरिटी' म्हणून दिले आणि त्याचं स्पेनमध्ये पेट्रोल भरलं, तर ते तिला चालेल का? तिला विचारून नाही, स्वतःला विचारून सांगा.

म्हणून माझं स्पष्ट मत, हे दोन लाख लोकांकडून मागू नका. शिकवलेल्या बायका तुम्हाला नाही म्हणणार नाहीत आणि तीच अडचण आहे, ज्यांना आपल्याला नाही म्हणता येत नाही त्यांच्याकडं मागायचं नसतं. शिवाय व्यवहाराच्या बाजूनंही ते गैरसोयीचं आहे. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी घ्यावी लागते, परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सूट मिळत नाही, आणि उद्या कुणी पावती मागितली तर तुम्ही काय देणार? गांबियासाठी निधी जमवायचाच असेल तर तो भावानं आणि त्याच्या मित्रानं तिकडं, त्यांच्या ऑफिसात जमवावा. तो सगळाच्या सगळा संस्थेला जावा, त्यातून डिझेल, टायर, हॉटेल काही निघू नये, आणि हे आधीच लिहून सगळ्यांना पाठवावं. तुमचा प्रवास तुमच्या पैशानं. चार लाख नाहीत ना? मग प्रवास छोटा करायचा, त्यावर खाली येतेच.

पण मैत्रिणीचं बोलणं जे लागलंय, त्याचं काय. "आधी आपलं बघा" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि दरवेळी मला २०१६ चा एप्रिल आठवतो. तुम्ही लातूरच्या, तुम्हाला मी काय सांगणार, १२ एप्रिलला जलदूत, पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती गाडी मिरजेहून आली होती. आणि मिरज ज्या सांगली जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात जत आहे, आटपाडी आहे, हे पिढ्यानपिढ्या दुष्काळी तालुके. तेव्हा मिरजेच्या लोकांनी "आधी आमच्या जतचं बघा आणि मग लातूर" म्हणलं असतं तर त्यांना चूक तरी कोण म्हणलं असतं? पण पाणी आलं, ऑगस्टपर्यंत येत राहिलं. आपण पाणी प्यालेली माणसं आहोत ताई, आपल्या तोंडी ते वाक्य शोभत नाही. मैत्रिणीला एवढंच विचारा की गेल्या उन्हाळ्यात तिनं आणि तुम्ही मिळून लातूरच्या पाण्यासाठी काय केलं. टोमणा म्हणून नका विचारू, खरंच विचारा, कदाचित त्यातून दोघींना काहीतरी करायला सुचेल आणि ते रॅलीच्या आड येणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण दुसऱ्याला मदत करायला निघालेल्या माणसाचा मला थोडा धाक वाटतो, आणि त्याचं कारण किल्लारीचा भूकंप आहे. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. मी तेव्हा कॉलेजात होते, अंबाजोगाईहून आमची एक तुकडी गेली होती आणि आठ दिवसांनी आम्हाला काम काय दिलं तर कपडे निवडायचं. ट्रकच्या ट्रक कपडे आले होते. त्यात चांगलं लुगडं, धोतर, पांघरूण हाताला लागलं की आम्ही बाजूला ठेवायचो, पण बाकी काय नव्हतं त्यात, फाटके स्वेटर, टाय, लग्नातले झगमगीत फ्रॉक, एका पायाचे बूट. पावसात ते ढिगारे भिजले आणि वास सुटला. एक म्हातारी त्या ढिगाजवळ उभी राहून म्हणाली, "पोरी, ह्यात माजं काय हाय?" तिला चूल पाहिजे होती, तवा पाहिजे होता. पाठवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं नव्हतं.

म्हणून या रॅलीतली लिलावाची पद्धत मला पटते. गाडी कुणाच्या गळ्यात मारली जात नाही, ज्याला हवी तो बोली लावून घेतो आणि पैसा संस्थेकडं जातो, त्यांनी ठरवायचं चूल घ्यायची का तवा. आणि ती गाडी तिथं भंगार म्हणून पडत नाही. हे आपल्याइतकं कुणाला कळेल, पुण्या-मुंबईत म्हातारी झालेली जीप आपल्याकडं येऊन पुन्हा तरणी होते, दहा वर्षं वडाप करते, मेकॅनिक तिला वेल्डिंग करकरून चालवतात. बांजुलमध्ये तेच होतं. गांबियात गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळं लिलावाची गाडी डाव्या स्टिअरिंगची लागते. इंग्लंडातली घरची गाडी उजव्या स्टिअरिंगची असते, तेव्हा भावानं गाडी कुठून आणि कसली घेतलीय हे आजच विचारा.

मात्र जाताना गाडीत जुने कपडे, पेनं, चॉकलेटं, खेळणी भरून वाटेत पोरांना वाटायचा बेत असेल तर तो हाणून पाडा. रस्त्यावर गाडी थांबली की हात पसरायला आपणच शिकवतो. न्यायचंच असेल तर संस्थेला आधी मेल करून काय पाहिजे ते विचारा, आणि ते तिथल्या बाजारात मिळत असेल तर तिथंच विकत घ्या.

आणि गांबियाबद्दल थोडं वाचून जा, नुसती 'आफ्रिका' म्हणून जाऊ नका. छोटा देश आहे, एका नदीच्या दोन्ही काठांनी पट्टीसारखा पसरलेला, तीन बाजूंनी सेनेगल आणि एका बाजूला समुद्र. १९६५ ला स्वतंत्र झाला. मुख्य पीक भुईमूग. पाऊस जून ते ऑक्टोबर, तेवढाच. तिथली शेतकरी बाई जूनमध्ये आभाळाकडं बघते तेव्हा तिच्या मनात काय चालतं हे लंडनच्या माणसाला समजावून सांगावं लागेल, तुम्हाला नाही.

झेपेल का, हा तुमचा तिसरा प्रश्न. गाडीचं म्हणाल तर तुम्हाला तुमच्या भावापेक्षा नक्की जास्त झेपेल. काळ्या रानात पहिल्या पावसात गाडी रुतली की नवशिक्या काय करतो, अ‍ॅक्सिलेटर दाबतो, आणि चाक अजून खाली जातं. वाळूत अगदी तसंच आहे. रुतली असं वाटलं की लगेच रेस सोडायची, उतरायचं, चाकापुढची वाळू फावड्यानं काढायची, चाकाखाली पट्ट्या नाहीतर मॅट घालायची आणि हलक्या हातानं बाहेर काढायची. वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, तीसची पंधरा-सोळा, म्हणजे टायर पसरतो, आणि डांबरावर आलं की पहिलं काम पुन्हा हवा भरायची, त्याला बाराव्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत पाहिजे. वाळूत ब्रेक मारून थांबायचं नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची, जमलं तर उतारावर. एअर फिल्टर रोज झटकायचा. आणि तुम्हाला वाटतंय तेवढी वाळू त्या रस्त्यावर आता उरलीपण नाही. पूर्वी नुआदिबू ते नुआकशोत हा मॉरिटानियातला टप्पा लोक समुद्राला ओहोटी लागली की किनाऱ्यावरून गाड्या हाकत पार करायचे, २००५ च्या आसपास तिथं पक्का डांबरी रस्ता झाला, पावणेपाचशे किलोमीटरचा. रॅलीवाले मुद्दाम आत वाळूत शिरतात तेवढंच.

तुम्हाला अवघड जाणार ते वेगळंच. वीस वर्षं डाव्या बाजूनं चालवलेला हात, तुम्ही तर इतरांनाही तेच शिकवलंय, तो पहिल्या चौकात दगा देईल. सुरुवातीचे दोन दिवस शहरात स्टिअरिंग घेऊ नका. रात्री कुणीच चालवायचं नाही, यावर तिघांनी आधी शब्द द्या, तिकडं रस्त्यावर उंट बसलेले असतात आणि ट्रकला मागचा दिवा नसतो, म्हणजे आपल्याकडच्या ऊसाच्या ट्रॉल्यांची आठवण येईल. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारातून मॉरिटानियात जाताना सीमेवर जो मधला पट्टा लागतो तिथं जुने सुरुंग पेरलेले आहेत, तिथं चाकोरी सोडून पाच पावलंसुद्धा जायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. बाईसाठी हे लिहावंच लागतं. दोन पुरुषांबरोबर तीन आठवडे एका लहान गाडीत राहायचंय, तेव्हा पाळी, आडोसा, रात्री तंबू वेगळा का खोली वेगळी, हे सगळं निघायच्या आधी भावाशी मोकळं बोला, लाजून गप्प बसलात तर तिसऱ्या दिवशी त्रास तुम्हालाच.

सुरक्षिततेचं मी लपवणार नाही. २००७ च्या डिसेंबरात मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांना मारलं आणि त्यामुळं २००८ ची डकार शर्यत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाली, नंतर ती आफ्रिका सोडूनच गेली. किनाऱ्याकडचा रस्ता आणि देशाचा पूर्वेकडचा सीमाभाग यात फरक आहे, पण निघायच्या आठवड्यात सरकारी सूचना वाचायच्या आणि त्या नको म्हणत असतील तर परत फिरायचं. प्रवास विम्याची पॉलिसी घेताना बारीक अक्षर वाचा, 'रॅली' शब्द आला की बऱ्याच पॉलिसी हात वर करतात, तुम्ही तर मोटारवाल्या, आपल्याच गाडीच्या पॉलिसीत शर्यतीबद्दल काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला माहितीय. आणि सांगताना खोटं सांगू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं. गाडीचा युरोपातला विमा मॉरिटानियात चालेल असं धरू नका, तिथं सीमेवर वेगळा घ्यावा लागतो, सेनेगल-गांबियासाठी अजून वेगळा.

कागदाला वेळ जातो आणि इथंच भावाचा आणि तुमचा रस्ता वेगळा होतो. त्याच्याकडं इंग्लंडची सोय असेल, तुमच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे. इंग्लंडचा व्हिसा, फ्रान्स-स्पेनसाठी शेंगेन, मग मोरोक्को, आणि पुढच्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत मिळतो, वर्षभर चालतो, ते तुम्ही मला शिकवाल. यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रात निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा. सेनेगल-गांबियाहून त्याच्याशिवाय परत आलात तर मुंबईला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तिकडं हिवताप मोठा आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच सुरू करायच्या.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर या वर्षी गेले नसते. रॅल्या हिवाळ्यात निघतात कारण सहारात तेव्हाच सोसवतं, आणि आपल्याकडं तोच दहावीचा सराव परीक्षांचा काळ. मुलगी "आई तू जा" म्हणतीय, गोड आहे पोरगी, पण तुमचंच मन तिकडं नुआकशोतमध्ये तिच्या गणिताच्या पेपरात अडकलं तर काय मजा. पण 'पुढच्या वर्षी' म्हणजे आपल्याकडं बऱ्याचदा कधीच नाही असा अर्थ होतो, म्हणून तारीख टाकून लिहून ठेवा आणि नवऱ्याला सही करायला लावा. यंदा दिवाळीनंतर आठवडाभर काढून आपलीच गाडी घेऊन जैसलमेरला जा, लातूरहून चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे, दोघं नवरा-बायको जा, वाळूत हवा कमी करून बघा, मुद्दाम रुतवून बाहेर काढून बघा. आवडतंय का नाही ते तिथंच कळेल.

आणि पुढच्या वर्षी पूर्ण सहा हजार किलोमीटर जायची सक्ती तुमच्यावर कुणी केलीय? भाऊ इंग्लंडहून निघू दे, तुम्ही मोरोक्कोत त्यांना गाठा. इंग्लंडचा आणि शेंगेनचा असे दोन व्हिसा वाचतात, युरोपातली महागडी हॉटेलं वाचतात, तीन आठवड्यांचे बारा-तेरा दिवस होतात, आणि वाळवंट तर सगळं तिथून खालीच आहे. गाडी तीन माणसांनी इंग्लंडहून चेपून आणण्यापेक्षा त्यांनाही बरं पडेल. खर्च घरच्या दोन लाखांच्या जवळपास बसवता येतोय का ते मांडून बघा, थोडं कमी पडलं तर वर्षभर आहे हातात साठवायला. मैत्रिणी काही द्यायला आल्याच तर त्यांना भावाच्या निधीचा हिशोब दाखवा, द्यायचं तर त्यांचं त्या देतील.

भावाला मात्र आज रात्रीच फोन करून तीन गोष्टी विचारा, लिलावाचा पैसा कुठल्या संस्थेला जातो, मागच्या वर्षीचा हिशोब बघायला मिळतो का, आणि गाडी वाटेत कायमची बंद पडली तर ती सोडायची कशी, कारण परदेशी गाडी देशात आणली म्हणून पासपोर्टवर नोंद झाली असेल तर ती नुसती रस्त्यावर टाकून पुढं जाता येत नाही, दंड नाहीतर जकात भरायची वेळ येते. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर समजा त्याची तयारी अजून व्हायचीय.

राहता राहिल्या सासूबाई. तुम्ही त्यांचं बोलणं विरोध म्हणून लिहिलंय, मला ते तसं वाटत नाही. ज्या बाईनं ७२ चा दुष्काळ बघितला असेल तिला वाळवंट म्हणल्यावर दुसरं काय आठवणार, आणि अख्ख्या पत्रात कामाचा प्रश्न त्यांनीच एकटीनं विचारलाय. त्यांच्याजवळ बसून सांगा की माणशी रोजचं सहा लिटर धरलंय, तिघांचं तीन दिवसांचं चोपन्न होतं, म्हणून वीस-वीस लिटरचे तीन कॅन कायम भरलेले ठेवायचे, त्यातलं रेडिएटरला घालायचं नाही, त्याला वेगळा कॅन, आणि गाडी बंद पडली तरी गाडी सोडून चालत कुठं जायचं नाही. मग त्यांना विचारा यात काय राहिलं. मला खात्री आहे त्या अजून एक कॅन वाढवायला सांगतील, आणि तो वाढवा.